वाचकांचे प्रश्न : स्कार्बरोला जायचंय, पण खिसा सांभाळून

इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्कार्बरो नावाचं गाव आहे, त्याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. बहुतेकांचं कुणी ना कुणी लीड्स नाहीतर यॉर्कला असतं, आणि सगळ्यांचा सूर एकच, की तिकडे पाय ठेवला की पौंड उडतात का? चार प्रश्न घेतलेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय कारण त्यातलं बरंचसं बाकीच्यांनाही लागणार आहे.

प्रश्न : ताई, मुलगा लीड्सला नोकरीला आहे. आम्ही दोघं (वय ६६ आणि ६२) जूनमध्ये त्याच्याकडे जातोय. सून म्हणते सगळे मिळून दोन दिवस स्कार्बरोला जाऊया, पण मुलांवर खर्चाचं ओझं नको वाटतं. नात सात वर्षांची. तिकडे प्रत्येक गोष्टीला तिकीट असतं का? — एक आजी, सांगली

काकू, आधी एक सांगते, स्कार्बरोमधल्या सगळ्यात चांगल्या गोष्टींना तिकीटच नाहीये. समुद्र, दोन्ही किनारे, कड्यावरच्या बागा, बंदर, जुन्या गल्ल्या, सगळं मोकळं. पैसे जातात ते प्रवासात, राहण्यात आणि येता-जाता हातात घेतलेल्या खाण्यात, त्यामुळे काटकसर करायची तर तिथे करा, बघण्यात करू नका.

प्रवासाचं म्हणाल तर लीड्सहून थेट ट्रेन आहे, सव्वा तासाच्या आसपास लागतो. मुलाला सांगा की फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड काढ, वर्षाचे ३५ पौंड, त्यावर चार मोठी आणि चार मुलं जाऊ शकतात, मोठ्यांना तिकिटात एक तृतीयांश सूट आणि ५ ते १५ वयाच्या मुलांना ६० टक्के. तुम्ही चौघं आणि नात, अगदी मापात बसताय, फक्त नात बरोबर हवीच, मूल नसेल तर ते कार्ड चालत नाही. तुमचा मुक्काम दोन-तीन महिन्यांचा असेल आणि तुम्ही दोघंच बाहेर पडणार असाल तर ६० वर्षांवरच्यांचं सीनियर रेलकार्ड वेगळं मिळतं, त्याला तिथलं रहिवासी असावं लागत नाही, वयाला पासपोर्ट चालतो. बसही आहे पण तिला ट्रेनच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो, तिच्याबद्दल खाली एका विद्यार्थ्याला लिहिलंय.

आता गावाची रचना डोक्यात बसवा म्हणजे पायपीट वाचेल. मध्ये समुद्रात घुसलेला एक उंच डोंगरकडा, त्यावर किल्ला, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन किनारे, साउथ बे आणि नॉर्थ बे. साउथ बेला बंदर, दुकानं, खेळांची मशिनं, गाढवांवरची सफर, गर्दी. नॉर्थ बे शांत, रंगीत लाकडी खोल्यांची रांग, पार्क. माझं मत विचाराल तर एका दिवशी एकच किनारा. दोन्ही एका दिवसात उरकायला गेलात की चढ-उतारात गुडघे जातात आणि मग टॅक्सी करावी लागते.

पहिला दिवस साउथ बे. स्टेशनवर उतरलात की प्लॅटफॉर्मवरचं लांबलचक लाकडी बाकडं नातीला दाखवा, १३९ मीटर आहे, तिला टोकापासून टोकापर्यंत पळू दे. तिथून समुद्राकडे चालत गेलं की ग्रँड हॉटेल दिसतं, १८६७ साली उघडलेलं. आत राहायची गरज नाही, बाहेरून बघायचं आणि नातीला कोडं घालायचं : चार बुरूज म्हणजे ऋतू, बारा मजले म्हणजे महिने, ५२ धुराडी म्हणजे आठवडे, आणि बांधलं तेव्हा खोल्या ३६५. शेजारच्या पुलावरून पलीकडे गेलात की साउथ क्लिफच्या बागा, फुकट, भरपूर बाकं, आणि खाली स्पा. या स्पापासूनच गावाचं नशीब उघडलं. १६२६च्या सुमारास थॉमसिन फॅरर नावाच्या बाईंना कड्यातून झिरपणारं तांबूस पाणी दिसलं, ते औषधी आहे अशी बातमी पसरली, श्रीमंत लोक पाणी प्यायला येऊ लागले, मग समुद्रात डुबकी मारायची पद्धत पडली, आणि १८४५ला रेल्वे आल्यावर साधी माणसंही यायला लागली.

खालून वर यायला जिने चढू नका. कड्यावरून तिरकी वर जाणारी छोटी लिफ्टगाडी आहे, १८७५ची, ब्रिटनमधली या प्रकारची पहिली. भाडं किरकोळ आहे आणि मजा वेगळीच. गावाच्या बाजूला तशीच दुसरी सेंट्रल ट्रामवे आहे, १८८१ची.

संध्याकाळी जमेल तशी सेंट मेरी चर्चच्या आवारात जा, चढ आहे, पण जाच. तिथे ॲन ब्राँटीची कबर आहे, तीन लेखिका बहिणींमधली धाकटी. तिला क्षय झाला होता, समुद्राच्या हवेनं बरं वाटेल या आशेनं मे १८४९मध्ये ती इथे आली, आणि तीनच दिवसांत, २८ मेला गेली. ती उतरली होती ती जागा म्हणजे आत्ताच्या ग्रँड हॉटेलचीच जागा, तेव्हा तिथे भाड्याच्या खोल्या होत्या. दगडावर वय २८ कोरलंय, खरं २९ होतं, नंतर शेजारी चूक दुरुस्त करणारी पाटी बसवली. मी यॉर्कशायरमध्ये बरीच वर्षं राहिले, स्कार्बरोला कितीदा गेले याची मोजदाद नाही, पण या कबरीपाशी गेल्याशिवाय कधी परतले नाही. तिथून खाली बंदर आणि अख्खी खाडी दिसते, आणि हाच देखावा तिनेही शेवटी पाहिला असेल असं मनात येतं.

दुसरा दिवस नॉर्थ बे. सकाळी पीझम पार्क, १९१२ला उघडलेला, मधे तळं, तळ्यात बेट, बेटावर पॅगोडा, धबधबा. आत जायला पैसे नाहीत. उन्हाळ्यात ठरावीक दिवशी या तळ्यात लुटुपुटूची आरमारी लढाई होते, १९२७पासून चालू आहे, साधारण अर्धा तास. जहाजं छोटी, पण त्यातल्या काहींच्या आत खरीखुरी माणसं बसून ती चालवतात, धूर निघतो, स्फोट होतात, वरून विमानं येतात. याला थोडे पैसे पडतात, पण दोन दिवसांत एकाच गोष्टीला तिकीट काढायचं असेल तर मी याला काढीन. कुठल्या दिवशी आहे ते निघायच्या आधी मुलाला बघायला सांगा, म्हणजे मुक्काम त्याप्रमाणे ठरवता येईल.

पार्कजवळूनच नॉर्थ बेची छोटी रेल्वे सुटते, १९३१ची, मैलभरही नाही, स्कॅल्बी मिल्सपर्यंत जाते. जाताना गाडीने जा आणि येताना समुद्राकडेने चालत या, एकेरी तिकिटात काम होतं. चालताना रस्त्याच्या कडेला एका बाकावर बसलेला लोखंडी म्हातारा लागेल, माणसाच्या दुप्पट आकाराचा. तो फ्रेडी गिलरॉय, डरमचा खाणकामगार, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होता आणि बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत पोचलेल्या पहिल्या सैनिकांपैकी एक. शिल्पकार रे लॉन्सडेल. पुतळा काही दिवसांपुरता आणून ठेवला होता, तो परत जाणार म्हटल्यावर गावातल्या एका पेन्शनर बाईंनी स्वतःच्या साठवलेल्या पैशातून ५०,००० पौंड देऊन तो गावासाठी घेतला. त्याच्या शेजारी बाकावर बसून फोटो काढता येतो, आजोबांना नक्की आवडेल.

आणि एक, तुम्ही तिथे रात्री राहणारच आहात तर एक दिवस पहाटे उठाच. आपल्याकडे कोकणात सूर्य समुद्रात बुडताना बघायची सवय, इथे तो समुद्रातून वर येतो. जूनमध्ये साडेचारच्या सुमारालाच, म्हणजे सगळ्यांना उठवू नका, तुम्ही दोघंच थर्मासमध्ये चहा घेऊन जा. स्वेटर, कानटोपी मात्र हवीच.

प्रश्न : आम्ही शुद्ध शाकाहारी. लोक सांगतात तिकडे फिश अँड चिप्सशिवाय काही मिळत नाही, मग नुसते चिप्स खाल्ले तर चालतील ना? — एक वाचक, पुणे

विचारल्याशिवाय खाऊ नका. यॉर्कशायरमध्ये बऱ्याच चिप्सच्या दुकानांत तळण तेलात नसतं, बीफ ड्रिपिंगमध्ये असतं, म्हणजे गोमांसाच्या चरबीत, तिथल्या लोकांना तीच चव आवडते. आणि जिथे वनस्पती तेल असतं तिथेही मासा आणि चिप्स एकाच कढईत तळलेले असू शकतात. काउंटरवर सरळ दोन प्रश्न विचारा : तळायला काय वापरता, आणि चिप्सची कढई वेगळी आहे का. कुणी वाईट वाटून घेत नाही, रोज कुणीतरी विचारतंच. माझ्या सासूबाईंनी पहिल्या खेपेला अर्धा पुडा संपवल्यावर आम्हाला हे कळलं होतं, त्यांना किती लागलं ते मी पाहिलंय, म्हणून इतकं ठासून लिहितेय.

खरं तर सगळ्यात स्वस्त म्हणजे सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं, दही घ्या, घरून थेपले नाहीतर दशम्या न्या, आणि साउथ क्लिफच्या बागेत बसून खा. वाचलेल्या पैशात बंदरासमोरच्या हार्बर बारमध्ये आईस्क्रीम खा, पिवळं-पांढरं दुकान आहे, १९४५पासूनचं. जिलेटिनबद्दल तिथेही विचारून घ्या.

प्रश्न : मी यॉर्कला मास्टर्स करतोय, एका रविवारी जाऊन यायचंय, बजेट वीस पौंड, सगळं धरून. जमेल? आणि क्रिकेट बघायला मिळेल का? — एक विद्यार्थी

आरामात जमेल रे. तू बसने जा. ८४३ नंबरची कोस्टलायनर लीड्सहून यॉर्क, मॉल्टनमार्गे स्कार्बरोला जाते, आणि इंग्लंडमध्ये सध्या बसच्या एकेरी तिकिटाला ३ पौंडांची कमाल मर्यादा आहे, मार्च २०२७पर्यंत. म्हणजे जाऊन-येऊन ६ पौंड. वरच्या मजल्यावर पुढे बस. फक्त परतीची शेवटची बस किती वाजता ते सकाळीच बघून ठेव, रविवारी फेऱ्या कमी असतात, आणि ती चुकली तर ट्रेनच्या तिकिटात तुझं सगळं बजेट जाईल.

चालायची आवड असेल तर सिंडर ट्रॅक कर. स्कार्बरो ते व्हिटबी अशी १८८५ला सुरू झालेली रेल्वे होती, १९६५ला बंद पडली, रूळ काढले आणि आता त्या वाटेवर चालता येतं, सायकल चालवता येते. पूर्ण एकवीस-बावीस मैल आहे, एका दिवसात यॉर्कहून जाऊन ते होणार नाही, तासभर जा आणि परत फीर.

क्रिकेटचं मैदान नॉर्थ मरीन रोडवर आहे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, आणि यॉर्कशायर काउंटीच्या काही मॅच तिथे होतात. यॉर्कशायर म्हणजे तीच काउंटी जिने १९९२ला सचिनला पहिला परदेशी खेळाडू म्हणून घेतलं. आणि ब्रॅडमन इंग्लंडमधला शेवटचा फर्स्ट क्लास सामना इथेच खेळले, १९४८ला, १५३ काढले. काउंटी मॅचचं तिकीट तुझ्या वीस पौंडांत बसणार नाही, त्यासाठी वेगळा दिवस ठेव आणि त्या दिवशी बाकी काही करू नकोस, डबा घेऊन जा आणि दिवसभर बस.

प्रश्न : दोन मुलगे, ९ आणि १२ वर्षांचे, दोघांना पाण्यात शिरायचंय आणि खेळांच्या मशिनवर खेळायचंय. किल्ल्याचं तिकीट काढावं का? — एक आई, लीड्स

मशिनचं आधी. साउथ बेच्या रस्त्यावर आर्केड आहेत, त्यात २ पेन्सची नाणी ढकलायची मशिनं असतात. प्रत्येकाला दोन पौंडांची नाणी कपात भरून द्या आणि सांगा की कप संपला की बाहेर. आधी बोलून ठेवलं की ऐकतात.

किल्ला दहा पौंडांच्या आसपास एका मोठ्या माणसाला, आधी ऑनलाइन काढलं तर थोडं कमी. नऊ-बारा वर्षांच्या मुलांना घेऊन मी जाईन. दुसऱ्या हेन्री राजाच्या काळातला दगडी बुरूज, एक बाजू ढासळलेली, ती इंग्लंडमधल्या यादवी युद्धात १६४५ला पडलेल्या वेढ्यातली. आणि १६ डिसेंबर १९१४ला सकाळी जर्मन युद्धनौकांनी या गावावर पाचशेच्या वर तोफगोळे टाकले, किल्ल्यातली बराक गेली, दीपगृहाला गोळा लागला, गावातली १८ माणसं मेली. कड्यावर उभं राहून समुद्राकडे बघत हे सांगितलं की मुलांना इतिहास डोळ्यांसमोर दिसतो. पाऊस-वारा असेल तर मात्र पैसे घालू नका, वर आडोसा नाही. त्याऐवजी रोटुंडा म्युझियम, १८२९चं गोल बांधकाम, भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम स्मिथच्या कल्पनेतलं, तिथे ओकच्या पोकळ खोडात पुरलेला ब्राँझ युगातला सांगाडा आहे, १८३४ला सापडलेला. मुलं तिथून हलत नाहीत.

पाण्याचं जरा गंभीरपणे सांगते. नॉर्थ सी ऑगस्टमध्येही १५ अंशांच्या आसपास असतो, पाच मिनिटांत मुलांचे ओठ निळे पडतात. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरा, लाइफगार्ड तिथेच लक्ष ठेवतात. साउथ बेच्या पाण्याचा दर्जा अलीकडे खराब ठरलाय, किनाऱ्यावर बोर्ड असतो तो वाचा आणि डुंबायचं असेल तर नॉर्थ बेला जा. त्यापेक्षाही छान म्हणजे ओहोटीला स्कॅल्बी मिल्सच्या खडकांवर जाणं, खळग्यांत खेकडे, समुद्रफुलं, शंख, तासन् तास जातात आणि एक पै लागत नाही. दगड उचलून बघितला तर हळूच जसा होता तसा परत ठेवायला शिकवा, खाली कुणाचं तरी घर असतं. भरती-ओहोटीची वेळ मात्र आधी बघाच, कड्याच्या पायथ्याशी पाणी कधी मागून येतं कळत नाही, आणि ते कडे मातीचे आहेत, जून १९९३ला होलबेक हॉल नावाचं अख्खं हॉटेल दरड कोसळून गेलं होतं. कड्याला टेकून चटई पसरू नका.

सीगलपासून खाणं सांभाळा, भिंतीला पाठ करून खा. पण ग्रँड हॉटेलच्या कठड्यांवर घरटी करणारे ते वेगळे, किटिवेक, ते चिप्स पळवत नाहीत, समुद्रातच मासे पकडतात, आणि ओरडतात ते स्वतःचंच नाव. मार्चला येतात, ऑगस्ट संपता संपता सगळे समुद्रावर निघून जातात, त्यामुळे शाळेला सुट्टी लागली की जुलैच्या शेवटच्या आठवड्यातच जा, पिल्लं दिसतील. आणि ऑगस्टअखेरच्या बँक हॉलिडेला, म्हणजे तिथल्या सार्वजनिक सुट्टीला, खोल्या महाग होतात तेही टळेल.