वाचकांचे प्रश्न : परराष्ट्र धोरण बांधापर्यंत कसे येते?

परराष्ट्र धोरणाविषयी आलेल्या पत्रांपैकी चार या अंकासाठी निवडली आहेत. अनेकांनी ‘अमुक युद्धात कोणाची बाजू बरोबर’ असे विचारले आहे. तो निवाडा या सदरात करण्यापेक्षा, निवाडा करण्यासाठी लागणारी कागदपत्रे कशी वाचावीत हे सांगणे आम्हाला अधिक उपयोगाचे वाटते.

प्रश्न : कांद्याची निर्यातबंदी झाली की आम्ही वाणिज्य मंत्रालयाला आणि शहरातल्या ग्राहकाला बोल लावतो. त्यात परराष्ट्र धोरणाचा संबंध येतो का? (एक कांदा उत्पादक, निफाड तालुका)

येतो, आणि तो त्या आदेशातच लिहिलेला असतो. ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. आदेश काढला विदेश व्यापार महासंचालनालयाने, म्हणजे वाणिज्य मंत्रालयाच्या कार्यालयाने, आणि कारण दिले देशांतर्गत उपलब्धता व भाव यांचे. लासलगावच्या लिलावात त्याचा परिणाम लगेच दिसला आणि चर्चा तिथेच थांबली. मात्र त्याच आदेशात एक छोटी तरतूद होती : अन्य देशांच्या सरकारांनी विनंती केल्यास केंद्र सरकारच्या परवानगीने त्या देशांना निर्यात करता येईल. दरवाजा व्यापाऱ्यासाठी बंद झाला होता आणि सरकारांसाठी उघडा राहिला होता, असा त्या तरतुदीचा साधा अर्थ होतो.

पुढे नेमके तसेच घडले. बंदी चालू असतानाच मार्च २०२४ मध्ये बांगलादेशासाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन कांद्याला परवानगी मिळाली. एप्रिलअखेर सरकारने जाहीर केलेल्या एकूण ९९,१५० टनांच्या यादीत या दोन देशांबरोबर भूतान, बहारीन, मॉरिशस आणि श्रीलंका हे देश होते. ही यादी केवळ मागणीच्या आकड्यांवरून लावलेली नसावी, असे नकाशा समोर ठेवला की वाटते. त्यात चार देश शेजारचे किंवा हिंदी महासागरातले, तर दोन आखातातले आहेत, आणि या सर्वांशी संबंध राखणे दिल्लीला महत्त्वाचे वाटते. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, तीही टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावूनच.

आता याची दुसरी बाजू पाहा. २०१९ च्या सप्टेंबरअखेर भारताने अशीच अचानक बंदी घातली. त्यानंतर काही दिवसांतच बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या आणि व्यापाऱ्यांसमोर हसत हसत म्हणाल्या, की आपण आपल्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करायला सांगितले आहे. पूर्वसूचना मिळाली असती तर बरे झाले असते. विनोदात गुंडाळलेली ही तक्रार होती. त्या वर्षी बांगलादेशाने म्यानमार, इजिप्त, तुर्कस्तान अशा देशांकडून कांदा मागवला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की ते पूर्वीसारखे परत येतेच असे नाही, हे आपल्याला आम्ही सांगायला नको.

शेजाऱ्याला अडचणीच्या काळात माल देणे हे धोरण म्हणून आम्हाला गैर वाटत नाही. परंतु त्या सौजन्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. २०२४ मधली ही सवलतीची निर्यात राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत झाली. शेतकऱ्याकडून खरेदी कोणत्या दराने झाली, परदेशात विक्री कोणत्या दराने झाली आणि मधला फरक कोठे गेला, हे आपल्या खासदारांना लेखी विचारता येते. वाणिज्य आणि परराष्ट्र या दोन्ही मंत्रालयांना स्वतंत्र प्रश्न पाठवावेत, म्हणजे एकाला दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही.

प्रश्न : संयुक्त राष्ट्रांत युक्रेनविषयीच्या मतदानात ‘भारत तटस्थ राहिला’ असे वर्तमानपत्रांनी लिहिले. पूर्वीचे अलिप्ततावादी धोरण ते हेच का? (एक शिक्षिका, सातारा)

विद्यार्थ्यांना शिकवताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, कारण मराठीत त्यांची सरमिसळ फार होते. पहिली म्हणजे तटस्थता. ती कायद्याने मान्य झालेली स्थिती आहे. स्वित्झर्लंडची तटस्थता युरोपातील सत्तांनी १८१५ मध्ये मान्य केली, ती या अर्थाने. दुसरी म्हणजे एखाद्या ठरावावर मत न देणे, ही त्या दिवसापुरती कृती असते. तिसरी म्हणजे अलिप्ततावाद. १९६१ मध्ये बेलग्रेड येथे भरलेल्या परिषदेतून ज्याची चळवळ उभी राहिली, ते हे धोरण आहे.

‘अलिप्त’ हा शब्द रूढ झाला खरा, पण आमच्या मते तो थोडा फसवा आहे. अलिप्त म्हणजे कशालाही न चिकटलेला, जणू संन्यासी. प्रत्यक्षात त्या धोरणाचा अर्थ लष्करी गटात सामील न होणे एवढाच होता. जून १९५० मध्ये कोरियात युद्ध सुरू झाले, तेव्हा उत्तर कोरियाने शांतताभंग केल्याचे सांगणाऱ्या सुरक्षा परिषदेच्या पहिल्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले. लढणारे सैन्य न पाठवता त्याने तेथे लष्करी वैद्यकीय पथक पाठवले, आणि १९५३ मध्ये युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या आयोगाचे अध्यक्षपद जनरल थिमय्या यांच्या रूपाने स्वीकारले. याला अलिप्तपणा म्हणायचे, तर शब्दकोश बदलावा लागेल.

आता २ मार्च २०२२ चे मतदान. आमसभेच्या त्या ठरावाने रशियाच्या आक्रमणाचा अत्यंत कठोर शब्दांत धिक्कार केला. बाजूने १४१, विरोधात ५ आणि मत न देणारे ३५ देश होते. भारत या ३५ मध्ये होता. मत न देणारा देशही आपल्या भूमिकेचे स्पष्टीकरण देतो आणि ते उपलब्ध असते, म्हणून खरे वाचायचे असते ते तिथे. भारताच्या प्रतिनिधींनी संयुक्त राष्ट्रांची सनद, देशांचे सार्वभौमत्व आणि प्रादेशिक अखंडता यांचा उल्लेख केला, पण रशियाला आक्रमक म्हटले नाही. त्याच निवेदनात युक्रेनमधील भारतीयांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, सुरक्षितपणे बाहेर पडू देण्याची मागणी होती. त्या आठवड्यात खारकीव्हमध्ये भारतीय विद्यार्थी अडकले होते आणि दोन्ही युद्धमान बाजूंच्या मदतीवाचून त्यांची सुटका कठीण होती. शस्त्रास्त्रांसाठी रशियावर असलेले आपले जुने अवलंबित्व निवेदनात लिहिले जात नाही, ते वाचकाने स्वतः जोडून घ्यायचे असते. हा निर्णय योग्य होता की नाही, यावर वर्गात अवश्य वाद घडवून आणावा. मात्र त्याआधी मुलांसमोर ठराव आणि स्पष्टीकरण हे दोन्ही कागद असावेत. वर्तमानपत्राने ‘तटस्थ’ऐवजी ‘ठरावावर मत दिले नाही’ असे लिहिले, तर निम्मा गोंधळ मिटेल.

प्रश्न : काही देशांत आपला राजदूत असतो, तर काही देशांत उच्चायुक्त. मोठे पद कोणते? (एक वाचक, नांदेड)

दोन्ही पदे समान आहेत. राष्ट्रकुलातील देश परस्परांकडे उच्चायुक्त पाठवतात, इतरांकडे राजदूत जातो. म्हणून लंडन, ढाका, कोलंबो येथे उच्चायुक्त आणि काठमांडू, टोकियो येथे राजदूत असतो. जाता जाता : मराठीत दूतावासाला ‘वकिलात’ म्हणतात ते पेशवाईपासून. दिल्ली दरबारी पेशव्यांचे वकील असलेल्या हिंगणे घराण्याचे काम कोर्टातले नव्हते. बातमी काढणे, ती पुण्यास कळवणे आणि वाटाघाटी करणे हे त्यांचे काम होते.

प्रश्न : सरकारने परदेशाशी केलेल्या कराराला संसदेची मंजुरी लागत नाही, हे खरे आहे का? मग नागरिकांनी माहिती कोठून मिळवावी? (विधी शाखेचा एक विद्यार्थी, कोल्हापूर)

बहुतांशी खरे आहे. करार करणे हा राज्यघटनेने केंद्र सरकारच्या कार्यकारी अधिकारात ठेवलेला विषय आहे. कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा लागणार असेल, तर अनुच्छेद २५३ नुसार संसद तो करते. १९९४ चा जागतिक व्यापार संघटनेचा करार संसदेच्या आधीच्या मंजुरीवाचून झाला. २२ जुलै २००८ रोजी अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून लोकसभेत २७५ विरुद्ध २५६ असे मतदान झाले, परंतु ते सरकारवरील विश्वासाचे मतदान होते, करार मतास टाकलेला नव्हता. मोठा अपवाद भूभागाचा. बेरुबारी (पश्चिम बंगालमधील एक भूभाग पाकिस्तानला देण्याच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये सांगितले, की देशाची भूमी दुसऱ्यास द्यायची तर घटनादुरुस्ती हवी. म्हणूनच २०१५ मध्ये बांगलादेशाशी भूखंडांची अदलाबदल करताना शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली.

माहितीचे म्हणाल, तर करारांचे मसुदे, संयुक्त निवेदने आणि संसदेतील प्रश्नोत्तरे परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर मिळतात. संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचे अहवाल त्याहून मोलाचे, कारण अधिकाऱ्यांना तेथे खर्च आणि विलंब यांविषयी उत्तरे द्यावी लागतात. माहिती अधिकाराचा अर्ज जरूर करावा, पण परराष्ट्र संबंधांना बाधा पोहोचेल अशी माहिती कलम ८ खाली नाकारता येते, हे धरून प्रश्न खर्च, तारखा आणि पत्रव्यवहाराची यादी अशा गोष्टींपुरते ठेवावेत. लोकांमध्ये या विषयाची जाण वाढावी म्हणून १९४३ मध्ये भारतीय जागतिक व्यवहार परिषद स्थापन झाली, आणि १९४७ मध्ये दिल्लीच्या पुराना किल्ल्यात भरलेली आशियाई संबंध परिषद तिच्याच विद्यमाने झाली. तिची दिल्लीतली व्याख्याने आणि प्रकाशने उत्तम असतात, पण बहुतेक इंग्रजीत. मराठीत असे काम कमी आहे. आपल्यासारख्या विद्यार्थ्यांनी स्थायी समितीच्या एखाद्या अहवालाचा मराठी सारांश करून पाठवला, तर या सदरात त्याला जागा देऊ.