सागर रक्षक दलाचा (समुद्रावर नजर ठेवून पोलिसांना खबर देणारे किनाऱ्यावरचे स्वयंसेवक) कोकणात खरंच उपयोग होतो का?
होतो, पण कोळीवाड्याचा पोलिसांवर विश्वास असेल तरच. १९९३ मध्ये मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स श्रीवर्धनजवळ शेखाडीला उतरलं, कारण चांदीच्या तस्करीची वाट आधीच मळलेली होती आणि कस्टम-पोलिसांतले काहीजण पैसे घेऊन गप्प होते. नुसती गस्त वाढवून हे थांबत नाही. उलट २००८ मध्ये मुंबईत बधवार पार्कजवळ उतरलेल्या २६/११ च्या दहशतवाद्यांना हटकलं ते कोळ्यांनीच.

अनोळखी होडी दिसली तर १०९३ (सागरी पोलीस) किंवा १५५४ (तटरक्षक दल) लावा. नोंदणी क्रमांक, रंग, दिशा, वेळ, माणसं किती एवढं सांगा. जवळ जाऊ नका. घोळ होतो तो नंतर: खबर देणाऱ्यालाच चौकीत दिवसभर बसवलं की त्याची मासेमारीची खेप बुडते, आणि पुढच्या वेळी अख्खी वाडी गप्प बसते.