पेशीची आकृती घोकायच्या आधी कांदा घे

हे बघ, तंतुकणिका, रायबोसोम, गॉल्जी पिंड अशी पेशीतल्या भागांची नुसती नावं घोकलीस तर आठ दिवसांत विसरशील, त्यापेक्षा कांद्याच्या पाकळीचा आतला पातळ पापुद्रा काढ, स्लाइडवर पाण्याच्या थेंबात पसरव, आयोडीन टाक आणि कव्हरस्लिप (वरून झाकायची पातळ काच) तिरकी धरून हळू सोड, नाहीतर हवेचे बुडबुडे येतात आणि नवीन मुलं त्यांनाच पेशी समजतात. सूक्ष्मदर्शकातून विटांसारख्या दिसणाऱ्या रेघा म्हणजे पेशीभित्तिका, म्हणजे पेशीची बाहेरची भिंत, पिवळसर-तपकिरी ठिपका केंद्रक. तो बऱ्याचदा कडेला असतो कारण मधली जागा मोठ्या रिक्तिकेने, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीने, अडवलेली असते. हरितलवकं (पानांतले हिरवे कण) शोधू नकोस, यात नसतात.

आता खरी मजा. दुसऱ्या स्लाइडला लाल कांद्याच्या रसाळ पाकळीचा बाहेरचा जांभळा पापुद्रा घे, पण आयोडीन अजिबात नको, त्याने पेशी मरतात. मिठाचं दाट पाणी सोड आणि पाच-दहा मिनिटं बघत रहा, रिक्तिकेतलं पाणी बाहेर जातं, प्रद्रव्यपटल (भिंतीच्या आतला पेशीचा पातळ पडदा) भित्तिकेपासून सुटतं आणि जांभळा रंग आकसतो, भित्तिका मात्र जागच्या जागी. मग साधं पाणी दे, बऱ्याच पेशी परत फुगतात. १६६५ मधे रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या नुसत्या भिंती होत्या, तू जिवंत पटल काम करताना बघतोयस रे!