पुन्हा उसवण्याआधी धुतलेला नमुना मोजा

स्वेटरची पुढची बाजू दोनदा उसवून, टाके काटेकोरपणे मोजून पुन्हा विणली तरी ती रुंदच होते आहे आणि आता सगळे सोडून द्यावेसे वाटते, असे तुम्ही लिहिले आहे. हे दुखणे मला चांगलेच परिचयाचे आहे. तुमचे टाके बहुधा बरोबरच असावेत. त्याच सुईवर तितकेच टाके घातले की तेवढीच रुंदी येणार, मग कितीही वेळा उसवा.

सूचनापत्रकात १० सेंटीमीटरला २२ टाके धरलेले असतील आणि तुमच्या हाताने २० बसत असतील, तर ११० टाक्यांची पुढची बाजू ५० सेंटीमीटरऐवजी ५५ भरते आणि पाठ धरून घेर १० सेंटीमीटरने वाढतो. छोट्या तुकड्यावर हा फरक लक्षात येत नाही, म्हणून नमुना, म्हणजे त्याच धाग्याने आणि सुईने आधी विणून पाहायचा चाचणीचा चौकोन, चांगला १५ सेंटीमीटरचा विणावा, स्वेटर जसा धुणार तसाच तो धुऊन सपाट वाळवावा आणि कडा सोडून मधले १० सेंटीमीटर मोजावेत.

धुण्याचा आग्रह उगाच नाही, धुतल्यावर विणीचे माप बदलू शकते. मी ज्यांचे सूचनापत्रक विकत घेतले होते, त्यांनी टाक्यांचे माप धुण्याआधीचे की नंतरचे हे कुठेच छापले नव्हते. विचारले तर ‘सूचना बरोबर आहेत, टाके पुन्हा मोजा’ एवढेच उत्तर आले. फोटो जोडून सविस्तर लिहिले, तरी पुन्हा तेच, शब्दही न बदलता. त्यांच्या भरवशावर मी मोजत आणि उसवत राहिले, आणि धागा इतका पिंजला की शेवटी काखेपाशी हातातच तुटला. एका ओळीच्या खुलाशाने जे भागले असते, त्याचे खापर त्यांनी शिकणाऱ्यावर फोडले, याचा राग अजून गेलेला नाही. हे माप स्पष्ट न लिहिणारे पत्रक मी आता फुकट मिळाले तरी घेत नाही.

‘जरा घट्ट विणा’ असा सल्ला तुम्हाला मिळेल. माझ्या मते तो ऐकू नये. हात थोड्याच ओळींत मूळ सवयीवर येतो आणि तुकडा खाली आवळलेला, वर सैल होतो. त्यापेक्षा सुई बदलावी, म्हणजे ४ मिलिमीटरची असेल तर साडेतीनची घेऊन नवा नमुना करावा.

उसवलेला धागा मात्र तसाच वापरू नका, कारण त्याच्या वळ्यांमुळे टाके खालीवर दिसतात आणि नमुन्याचे मापही फसवे येते. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून त्याची लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजू द्या, न चोळता टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि टांगून वाळवा. हे शुद्ध लोकरीपुरते सांगते आहे. ॲक्रिलिकच्या वळ्या इतक्या सहज जात नाहीत, आणि मोहेरचे (अंगोरा शेळीच्या केसांच्या धाग्याचे) तंतू एकमेकांत अडकत असल्याने ते उसवताना फार जपावे लागते.

या खेपेस काखेचे टाके घटवण्याआधी, सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून वेगळ्या रंगाचा गुळगुळीत सुती दोरा ओवून ठेवा. वर काही बिघडले तर त्या ओळीपर्यंतच उसवावे लागेल, आणि दोऱ्यावरचे टाके एक नंबर बारीक सुईवर घेतले की ते उचलणेही सोपे जाते.