ॲपमधलं सबस्क्रिप्शन आमच्या लॉगिनला पक्कं कसं जोडायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये बसणाऱ्या एमपीएससीच्या मुलांसाठी सराव-परीक्षांचं ॲप आहे. लॉगिन मोबाइल नंबर आणि ओटीपीने होतं, महिन्याचं सबस्क्रिप्शन अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीकडे आहे. कोणी नंबर बदलला की त्याचं प्रीमियम गायब होतं, आणि एकाच फोनवर दोन रूममेटनी आळीपाळीने लॉगिन केलं तर दोघांनाही प्रीमियम मिळतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एकच. तुमचं ॲप फोनला विचारतं, "सबस्क्रिप्शन चालू आहे का?" आणि फोन उत्तर देतो ते स्टोअरच्या (प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरच्या) खात्याबद्दल. तुमच्या लॉगिनशी त्याला काही देणंघेणं नाही.

पैसे भरणारा आणि अभ्यास करणारा ही दोन वेगळी माणसं आहेत असंच धरून चाला. पुण्यात राहणाऱ्या मुलाच्या फोनवर प्ले स्टोअरचं खातं गावाकडच्या वडिलांचं किंवा थोरल्या भावाचं असू शकतं. स्टोअर तुम्हाला त्या खात्याचा ईमेल देत नाही, त्यामुळे ईमेल जुळवून बघायचा विचार सोडा. जोडणी तुम्हालाच करायची आहे, आपल्या सर्व्हरवर, आणि तिची सुरुवात खरेदीच्या क्षणी होते.

आधी प्रत्येक युजरला सर्व्हरवर एक यूयूआयडी (कोणाशीही न जुळणारी लांबलचक ओळख-खूण) द्या आणि तो कधीही बदलू नका. मोबाइल नंबर हा त्या युजरचा एक बदलता कॉलम, ओळख नव्हे. बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याच कोणाला मिळतो. नंबर हीच ओळख धरलीत तर त्या अनोळखी माणसाला जुन्या मुलाचं प्रीमियम आयतं मिळेल. प्रोफाइलमध्ये "नंबर बदला" ही सोय हवी, जुन्या नंबरचं लॉगिन चालू असतानाच नवीन नंबरवर ओटीपी पाठवून. तुमच्या निम्म्या तक्रारी बहुधा एवढ्यानेच मिटतील.

हाच यूयूआयडी खरेदीच्या वेळी स्टोअरला द्यायचा. ॲपलकडे स्टोअरकिट २ मध्ये, म्हणजे ॲपमधल्या खरेदीच्या त्यांच्या कोड-संचात, त्यासाठी ॲपअकाउंटटोकन आहे. तो यूयूआयडीच्या स्वरूपातच लागतो, तुमचा १०४५ सारखा आकडा चालणार नाही. गुगलकडे बिलिंग फ्लो (पैसे भरण्याची प्रक्रिया) सुरू करताना ऑब्फस्केटेड अकाउंट आयडी, म्हणजे खात्याची झाकलेली ओळख, देता येतो, जास्तीत जास्त ६४ अक्षरांचा. त्यात नंबर किंवा ईमेल उघडा घालू नका, गुगल अशी खरेदी अडवू शकतं. एकदा दिलेली ही खूण पुढे सर्व्हरला मिळणाऱ्या व्यवहाराच्या तपशिलात परत येते. त्यामुळे पैसे भरल्याबरोबर मुलाने ॲप बंद केलं किंवा नेट गेलं, तरी खरेदी कोणाची हे सर्व्हरला कळतं.

सर्व्हरवर एक टेबल पुरे: युजर, स्टोअर, व्यवहाराची खूण, प्रॉडक्ट, संपण्याची वेळ, स्थिती. खूण म्हणजे ॲपलकडे ओरिजिनल ट्रान्झॅक्शन आयडी, गुगलकडे परचेस टोकन. स्टोअर आणि खूण या जोडीवर युनिक इंडेक्स लावा, म्हणजे तीच जोडी दोनदा नोंदली जाणार नाही. प्रीमियम आहे की नाही हे ॲपने फक्त या टेबलला विचारायचं. लॉगआउट झालं की फोनवर साठवलेली स्थिती पुसायची. रूममेटचा घोळ इथेच संपतो.

आता खाचखळगे. ॲपलचा ओरिजिनल ट्रान्झॅक्शन आयडी एका सबस्क्रिप्शन ग्रुपमध्ये (एकत्र बांधलेल्या प्लॅनच्या गटात) पुन्हा खरेदी केली तरी तोच राहतो. म्हणजे मेमध्ये एकाने घेतलं, जूनमध्ये ते संपलं, जुलैमध्ये त्याच ॲपल आयडीवर दुसऱ्या लॉगिनने घेतलं, तर आयडी जुना आणि ॲपअकाउंटटोकन नवा. मालक ठरवताना नेहमी ताज्या व्यवहारातला टोकन वाचा, नाहीतर दुसऱ्याने भरलेले पैसे पहिल्याच्या खात्यात जातील. आणि पहिलं चालू असतानाच दुसऱ्याने घ्यायचा प्रयत्न केला तर ॲपल "आधीच सबस्क्राइब केलेलं आहे" एवढंच सांगतं. तो दोष तुमच्या कोडचा नाही, पण का ते मुलाला कळेल असा संदेश तुम्ही दाखवा.

गुगलकडे उलटं आहे. प्लॅन बदलला की नवा परचेस टोकन येतो आणि जुन्याचा पत्ता लिंक्ड परचेस टोकनमध्ये असतो. तो वाचून टेबलमधली जुनी रो (ओळ) बंद केली नाही तर एका खरेदीवर दोन हक्क चालू राहतात. दुसरं, खरेदी ३ दिवसांत ॲक्नॉलेज केली नाही, म्हणजे मिळाल्याची पोच गुगलला दिली नाही, तर गुगल पैसे आपोआप परत करतं. हे काम ॲपऐवजी सर्व्हरनेच करावं. यूपीआयने भरताना व्यवहार पेंडिंगमध्ये राहू शकतो, तोवर प्रीमियम उघडू नका.

नूतनीकरण, रिफंड, ग्रेस पिरियड (पैसे न कटल्यावर मिळणारी सवलतीची मुदत) यांच्या सूचना दोन्ही स्टोअर सर्व्हरला पाठवतात. त्या दोनदा येऊ शकतात, उलट्या क्रमाने येऊ शकतात, ॲपच्या आधीही पोहोचतात. म्हणून सूचना आली की तिच्यावरून थेट स्थिती न लिहिता स्टोअरच्या एपीआयकडून (सर्व्हरने थेट माहिती विचारायच्या सोयीतून) ताजी स्थिती मागवा आणि तीच लिहा.

खरा निर्णय घ्यायचा आहे तो रिस्टोअरबद्दल. "रिस्टोअर"चं, म्हणजे आधीची खरेदी परत मिळवायचं, बटण ॲपलच्या नियमांप्रमाणे द्यावंच लागतं. ते दाबल्यावर कळलं की ही खूण दुसऱ्याच युजरला जोडलेली आहे, तर काय? नव्या लॉगिनकडे सरकवायची, जुन्याकडेच ठेवायची, की दोघांना द्यायची? दोघांना देणं म्हणजे एका वर्गणीत अख्खी खोली. आपोआप सरकवलं तर प्रीमियम रूममेटमध्ये फिरत राहतं. (सबस्क्रिप्शन सांभाळणारी रेव्हेन्यूकॅट ही सेवा वापरत असाल तर त्याचं मूळ सेटिंग सरकवण्याचंच आहे, ते आधी तपासा.) तुमच्या ग्राहकांसाठी मी म्हणेन, चालू असेपर्यंत जुन्याकडेच ठेवा आणि पडद्यावर लिहा: "हे सबस्क्रिप्शन शेवटी ४२ असलेल्या नंबरला जोडलेलं आहे, त्या नंबरने लॉगिन करा." नंबर खरंच हरवला असेल तर माणसाने सोडवायचं. मुलाकडून पावतीवरचा ऑर्डर नंबर मागा. गुगलचा "GPA" या अक्षरांनी सुरू होतो आणि प्ले कन्सोलमध्ये (गुगलच्या डेव्हलपरसाठीच्या पानावर) शोधता येतो, ॲपलचा लुक अप ऑर्डर आयडी या एपीआयने तपासता येतो. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका.

लॉगिनशिवाय खरेदी द्यायची का? तुमच्याकडे गुण आणि प्रगती खात्यात साठते, त्यामुळे खरेदीआधी लॉगिन मागायला सबळ कारण आहे, मागा. तरीही पाहुण्याला विकायचंच असेल तर ॲप पहिल्यांदा उघडल्यावरच यूयूआयडी तयार करा आणि नंतर ओटीपी झाल्यावर त्याच यूयूआयडीला नंबर जोडा. तो नंबर आधीच दुसऱ्या युजरचा निघाला तर पाहुण्याच्या रो त्या युजरकडे हलवून पाहुणा बंद करा. आणि खातं काढून टाकलं म्हणून स्टोअरची वर्गणी थांबत नाही, हे खातं डिलीट करण्याच्या पडद्यावर स्पष्ट लिहा. सबस्क्रिप्शन रद्द करण्याच्या पानाचा दुवाही तिथेच द्या.

चाचणीला दोन स्टोअर खाती आणि दोन लॉगिन घ्या, चारही जोड्या फिरवून पाहा. दोन्हीकडच्या चाचणी खात्यांवर महिना ५ मिनिटांचा असतो, त्यामुळे संपणं आणि पुन्हा घेणं तासाभरात बघून होतं.

राहिले आत्ताचे ग्राहक, ज्यांच्या खरेदीत खूणच नाही. नव्या आवृत्तीत ॲप उघडताच फोनवरची चालू खरेदी सर्व्हरला पाठवा. रो नसेल तर जो लॉगिन आहे त्याच्या नावावर लावा. प्ले स्टोअरच्या पानावरून किंवा ऑफर कोडने, म्हणजे ॲपबाहेर, झालेल्या खरेदीतही खूण नसू शकते, म्हणून ही वाट कायमची ठेवा. "दुसऱ्याला जोडलेलं आहे" हा नकार मात्र पहिल्या दिवसापासून लावू नका. एक पूर्ण महिना नुसत्या नोंदी घ्या, एकाच खुणेवर किती लॉगिन येतात ते मोजा. त्यात वाद निघालेल्या खुणांवर सर्वाधिक सराव-परीक्षा सोडवणाऱ्या युजरला मालक करा आणि मगच नकार चालू करा.