चांदीच्या नळीला जास्त पैसे द्यावेत का?

प्रश्न : सासऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन मिरजेत झालं, ते छान झालं पण लघवीची नळी आठ दिवस तशीच राहिली, मग थंडी वाजून ताप आला आणि युरिन इन्फेक्शन निघालं. आता दुसऱ्या खुब्याचं करायचंय. दीर म्हणतात चांदीचा थर दिलेली जंतू मारणारी नळी मिळते, तांब्याचे कठडे असलेले बेडपण निघालेत, पैसे गेले तरी चालतील. खरंच उपयोग होतो का? – एक वाचक भगिनी, तासगाव

उत्तर : ताई, तांब्यापासून सुरू करू, कारण ते तुमच्या घरातच आहे. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं ना, तेव्हा भांड्यातलं तांबं ताकात उतरलेलं असतं आणि जंतूला मारतं तेही हेच, तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण, त्याचं आवरण फोडतात आणि आत शिरून पार डीएनएपर्यंत नासधूस करतात. स्टील कितीही चकचकीत दिसू दे, त्यावर काही जंतू कित्येक दिवस जगतात. २००८ साली अमेरिकेच्या ईपीएने, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेनं, तांब्याच्या मिश्रधातूंची जंतुनाशक म्हणून नोंदणी केली ती २ तासांत ९९.९ टक्क्यांहून जास्त बॅक्टेरिया मरतात म्हणून. पण वॉर्डात एका कठड्यावरून दुसऱ्या पेशंटकडे हात जायला दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत, त्यामुळे हात धुणं काही सुटत नाही. आणि कल्हई केली की ताक कळकायचं थांबतं, तसंच कठड्यावर लॅकर, म्हणजे चकाकीसाठीचं पारदर्शक रोगण, मारलं किंवा मळ साचला की खालचं तांबं असून नसल्यासारखं.

चांदीचंही काम आयनवरच चालतं. पण नळी आत असते, लघवीतली प्रथिनं आणि क्षार तिच्यावर बसतात, त्या थरावर जंतू बायोफिल्म, म्हणजे स्वतःभोवती चिकट थर, करून राहतात आणि मग तिथं अँटिबायोटिकसुद्धा धड पोचत नाही. ब्रिटनमध्ये २४ हॉस्पिटलांत ७ हजारांहून जास्त पेशंटवर थोड्या दिवसांसाठी घातलेल्या चांदीच्या नळ्या तपासल्या, २०१२ साली निकाल आला, इन्फेक्शनमध्ये म्हणावा असा फरक नाही. मला तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं, फार आशा होती. आता जंतू चिकटूच नये असे थर शोधणं चाललंय, चतुराच्या पंखावर जंतूला फाडणारे अतिसूक्ष्म काटे असतात तसे २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कॉम्प्युटर चिपमध्ये असतं त्या सिलिकॉनवर करून दाखवले. काम सुंदर आहे, पण सासऱ्यांच्या ऑपरेशनला ते उपयोगी पडायचं नाही.

म्हणून दिरांना सांगा, ते पैसे राहू द्यात. नळी आत असेल तर दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत नव्यानं जंतू शिरतात, म्हणजे आठ दिवस हाच खरा घोळ होता. रोज सकाळी राउंडला डॉक्टर आले की न लाजता विचारायचं, "नळी आज काढता येईल का?" स्वतः मात्र ओढायची नाही. आणि पिशवीकडे लक्ष ठेवा. एक्स-रेला नेताना स्ट्रेचरवर ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, नळीतली लघवी उलटी आत जाते, हे मी कितीदा बघितलंय. पिशवी कायम कमरेच्या खाली, कठड्याला नव्हे, बेडच्या खालच्या दांडीला अडकवायची, फरशीला टेकू द्यायची नाही, आणि रिकामी करायच्या आधी आणि नंतर हात साबणानं धुवायचे.