विचारा बिनधास्त : सिनियरच्या कोडला "ओके" देऊन मोकळं व्हावं का?

प्रश्न : दादा, मी नागपूरच्या मिहानमधल्या एका छोट्या कंपनीत वर्षभरापासून आहे, संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजसाठी कंट्रोलर बनवतो आम्ही, लिनक्सवर. सिनियर सरांनी टेम्परेचर सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये (सेन्सर वाचणाऱ्या कोडमध्ये) बदल केला आणि रिव्ह्यूला, म्हणजे तो तपासायला, माझं नाव टाकलं. सेन्सर एलएम-७५, आय-टू-सी बसवर (चिप जोडणाऱ्या दोन तारांवर). आधी एकेक बाइट दोनदा वाचत होतो, आता एकदम वर्ड (दोन्ही बाइट) वाचतो. ३०० ओळींचा डिफ (बदललेल्या ओळींची यादी) आहे, त्यात अर्धं नुसतं स्पेसिंग. टेस्ट झालंय म्हणतात, टेबलावर बरोबर ४३ दाखवते. मी काय पाहू? का ओकेच देऊन टाकू?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : भाऊ, मे महिन्यात नागपुरात टेबलावर ४३ दाखवलं म्हणजे ऑफिसचा कूलर बंद आहे एवढंच सिद्ध झालं. बरं, अगदीच एवढं नाही, बाइटचा क्रम बरोबर आहे हेही कळलं, कारण एलएम-७५ मोठा बाइट आधी पाठवतो आणि लिनक्सचं साधं वर्ड-रीड लहान बाइट आधी धरतं, म्हणजे सरांनी स्वॅप्ड वालं (बाइटची अदलाबदल करणारं) फंक्शन वापरलंय. बदलसुद्धा चांगलाच आहे, दोनदा वाचताना मध्येच तापमान बदललं तर अर्धं जुनं अर्धं नवं हाती येतं.

आता ज्या ओळीत वाचलेली व्हॅल्यू ठेवली तिथे बोट ठेव. ते फंक्शन ३२ बिटचा आकडा देतं आणि गडबड झाली तर उणे आकडा देतं, सेन्सरने उत्तरच दिलं नाही तर बऱ्याच आय-टू-सी कंट्रोलरवर -६, टाइमआउट झाला तर -११०. सरांनी तो शून्यापेक्षा कमी आहे का हे न बघता थेट १६ बिटच्या व्हेरिएबलमध्ये टाकून सात घरं उजवीकडे सरकवला असेल (९ बिटचं तापमान असंच काढतात) तर मजा बघ, -६ असो की -११०, सरकवल्यावर उरतं -१, आणि एक पायरी अर्ध्या अंशाची, म्हणजे वायर तुटली की स्क्रीनवर -०.५ अंश!! कंट्रोलरला वाटते थंड झालं, तो कॉम्प्रेसर बंद करते, आणि बाहेर ४५ तापत असताना आत पेट्याच्या पेट्या संत्री सडतात. लॉगमध्ये एरर नाही, काही नाही. तुमच्या टेबलावर वायर कधी तुटतच नाही ना बाप्पा, म्हणून ही चूक टेस्टमध्ये सापडत नाही.

दुसरं, हे वाचन इंटरप्ट हँडलरमधून (हार्डवेअरने हाक मारली की हातातलं सोडून लगेच चालणाऱ्या कोडमधून) तर होत नाही ना ते बघ. १०० किलोहर्ट्झवर पत्ता, रजिस्टर, परत पत्ता आणि दोन बाइट, प्रत्येकी ९ क्लॉक, म्हणजे जवळपास अर्धा मिलिसेकंद जातो आणि तेवढ्यात ड्रायव्हर झोपू (थांबून वाट बघत बसू) शकतो, हँडलरमध्ये झोपायची परवानगीच नाही. तिथून होत असेल तर थ्रेडेड इंटरप्ट घ्यायला सांग, त्यात झोपता येतं.

स्पेसिंगचं वेगळ्या पॅचमध्ये मागून घे, त्यात लाजू नको, दीडशे ओळी रिकाम्या जागेच्या असल्या की खरी ओळ डोळ्यासमोरून निघून जाते.

आणि सरांना "चुकलंय" म्हणू नको, वादच होईल. "सर, सेन्सरची वायर निघाली तर इथे काय येईल?" एवढंच लिही. त्याआधी स्वतः डेटाची वायर उपटून स्क्रीन बघून ये, फोटो काढ आणि तोच जोडून दे. बारा वर्षांचा अनुभव असलेला माणूस फोटोशी भांडत नाही, आणि माझं ऐकशील तर तोवर ओके देऊ नको, कोणी कितीही घाई केली तरी.

प्रश्न : चिपच्या डेटाशीटमध्ये (माहितीपत्रकात) आय-टू-सी पत्ता हेक्स (१६ च्या पायाच्या आकड्यांत) ९० आणि कोडमध्ये हेक्स ४८ आहे, मी रिव्ह्यूत चूक काढली तर सगळे हसले. का?
— वाचक, धरमपेठ

उत्तर : कारण दोन्ही बरोबर आहेत. पत्ता ७ बिटचा, त्याच्या शेवटी वाचायचं की लिहायचं ते सांगणारा एक बिट लागतो. काही डेटाशीट तो धरून छापतात, लिनक्स धरत नाही. ४८ एक घर डावीकडे सरकवलं की ९०. हसणाऱ्यांपैकी दोघं तरी पहिल्यांदा इथंच अडकले असतील, विचारून बघ.